कोपऱ्यातलं नाव

ज्ञानदाने घागरा फरशीवर पसरला. विरार स्टेशनबाहेरची भिंत तिने कापडावर जशीच्या तशी उतरवली होती. पिवळ्या पट्ट्यावर क्लासेसची निळी ढब्बू अक्षरं, त्यांना लाल सावली आणि खाली कोपऱ्यात बारीक सही : 'हरेश्वर पेंटर, विरार'. ती मूळ भिंत तिच्या बाबांच्याच हातची. फॅशन डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला 'रस्त्यावरची चित्रं' हा विषय आला, तेव्हा तिला दुसरी भिंत सुचलीच नाही.

खरी भिंत तशीच आहे म्हणून कडेला तिने पानाच्या पिचकारीचे चार डागही काढले होते.

"मॅडमना तेवढंच आवडलं," ती बाबांना म्हणाली. "अक्षरं घालव बोलल्या, पूर्ण घेरावर हेच पाहिजे. उद्या दिलं नाही तर शोमधून बाहेर."

"ते काय हाय, सांगितलंस त्यांना?"

"सांगितलं ना. 'लवली' बोलल्या."

थुंकीची तिला सवय होती. बाबा शिडीवरून उतरायच्या आत कुणीतरी ताज्या रंगावर पिचकारी मारून मोकळा व्हायचा आणि बाबा मुकाट्याने फडकं ओलं करायचे. पण मॅडमची बोटं त्या डागांवरून मायेनं फिरली, तेव्हा मात्र तिला बघवलं नाही.

हरेश्वरने पांढऱ्या रंगाचा डबा उघडला आणि रुंद ब्रशने आपली अक्षरं झाकून टाकली. सहीसुद्धा. नवी जाहिरात लिहायच्या आधी भिंतीला मारतात तसा सरळ हात.

रंग वाळल्यावर ज्ञानदाने लाल रंग शिंपडला.

"असं नाय पडत, बाय." त्याने ब्रश घेतला. लालमध्ये काताचा तपकिरी मिसळला. "मानूस चालता चालता थुंकतो. मधे जाड, बाजूला शितडे, मग ओघळ. बावीस वर्षं पुसलंय मी."

तो ओठ घट्ट मिटून काम करत होता. मध्येच दोनदा मोरीत जाऊन साबणाने हात धुऊन आला.

घागरा इतका हुबेहूब झाला की ज्ञानदाने नकळत पाय आखडून घेतले.

"बाबा, कोपऱ्यात तुमचं नाव टाका ना परत."

हरेश्वर ब्रश पुसत होता.

"थुंकनारा कधी नाव टाकतो का?"