धडधाकट अंगठा

सुईत दोरा ओवतानाही तिचं अंग ठणकायचं, नवरा चारचौघांत खिदळायचा, “काम दिसलं की हिचं बरोब्बर दुखतं!” तपासण्यांत काहीच सापडेना. मेंदूवर संशोधन करणाऱ्या डॉक्टरबाईंनी तुलनेसाठी धडधाकट माणूस मागितला, तेव्हा बायकोचं सोंग उघडं पाडायला तो बाह्या सरसावून आला. एकेकाला यंत्रात झोपवून अंगठ्यावर सारखाच दाब दिला. पडद्यावर तिच्या मेंदूतली वेदनेची जागा लालभडक पेटली, त्याची ढिम्म. “आता यांच्याइतकी पेटेपर्यंत दाबते,” बाई म्हणाल्या. दाब दुप्पट होताच तो गुरासारखा ओरडला. “बघितलंत? यांना रोज असंच होतं.” तो खालमानेने बाहेर पडला. तिला वाटलं, सुटले एकदाची! घरी येताच त्याने अंगठा पुढे केला. शर्टांना काजं करून आखडलेल्या बोटांनी ती मलम चोळू लागली. तो कळवळला, “हळू गं! दुखणं म्हणजे काय, तुला नाही कळायचं!”