कोंबड्यांची चूल

समोरच्या फ्लोरीनकाकूंच्या दाराशी रोझेर बुटांवरचा बर्फ झटकत उभा होता. बर्फ केव्हाच पडून गेला, तरी तो झटकतच राहिला.

"आत ये नाहीतर घरी जा," काकू आतून म्हणाल्या. "त्या दाराला का लाथा घालतोयस?"

तो आत आला. टोपी काढून हातात फिरवत बसला. थंडीचं बोलून झालं, नदीपलीकडे कॅनडात याहून गारठा आहे हे बोलून झालं, काकूंच्या गुडघ्याची चौकशी झाली. काकूंनी कुट्टूच्या पिठाचं गरम धिरडं पुढे केलं. त्यानं त्यावर लोणी फासलं आणि ते तसंच हातात धरून ठेवलं.

मग कसाबसा विषय निघाला. घर तापवायचा तेलावरचा बॉयलर तसा उत्तम चाललाय, तो म्हणाला. पण आईला हल्ली लाकडाच्या उबेची आठवण येते. म्हातारं माणूस, चालायचंच. तर ती तिची जुनी बिडाची चूल, काकूंना दिलेली, कुठे पडून असली तर.

बॉयलर उत्तम होता हे खरं. टाकीत तेल नव्हतं. तो कामाला होता ती कागदाची गिरणी बंद पडल्यापासून तेलाची गाडी त्याच्या वाटेला फिरकली नव्हती. पंपावरून डब्यात आणून ओतलेलं डिझेलही काल संपलं. नळ्या गोठून फुटू नयेत म्हणून सकाळीच त्यानं सगळं पाणी सोडून दिलं होतं. आई कोट घालून अंथरुणात होती.

काकूंनी त्याच्याकडे नीट बघितलं.

"पडून कशाला असेल? रोज पेटते. चल, दाखवते."

परसातल्या खुराड्याचं दार त्यांनी ढकललं आणि उबेचा लोट अंगावर आला. मधोमध विटांवर चूल मांडलेली होती, काळीभोर, घासूनपुसून लख्ख. तिच्याभोवती पिसं फुगवून कोंबड्या बसल्या होत्या, डोळे मिटून, माहेरी आल्यासारख्या.

बॉयलर आला तो दिवस रोझेरला आठवला. चार माणसं लावून त्यानं ही चूल अंगणात काढली होती. आई दारात उभी. तिच्यादेखत तो म्हणाला होता, न्या काकू हे भंगार, तुमच्या कोंबड्या शेकतील. सगळे हसले होते. आई हसली नव्हती.

"तू म्हणालास कोंबड्यांना, मी कोंबड्यांना दिली," काकू म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला सोसवेना.

"राहू दे काकू. दुसरीकडे बघतो कुठेतरी."

"आणि घरी जाऊन आईला काय सांगशील? कोंबड्यांची अडचण होईल म्हणून?"

काकूंनी निखारे बादलीत ओढायला घेतलेदेखील.

"यांचं काय?" त्यानं विचारलं.

"येतील माझ्या स्वयंपाकघरात. त्या निदान थंडीच्या गप्पा मारत बसणार नाहीत."

चूल निवेपर्यंत रोझेरनं एकेक कोंबडी कोटाखाली धरून काकूंच्या घरात नेली. प्रत्येकीचं ऊन, धडधडतं पोट त्याच्या छातीला लागत होतं. मग दोघांनी मिळून फळीवरून रेटत रेटत चूल बर्फावरच्या घसरगाडीवर चढवली आणि तशीच ओढत त्याच्या घरात आणली.

त्यानं धुराड्याच्या भोकावरचं फुलाफुलांचं पत्र्याचं झाकण काढलं, नळकांडं बसवलं, गेल्या साली वादळात पडलेल्या झाडाची लाकडं लावली. बीड तापू लागलं, टिकटिक वाजू लागलं. त्या आवाजावर आई उठली. भिंत धरत धरत आली, चुलीपुढे बसली, दोन्ही तळवे पुढे केले.

"कुठे होतीस गं इतकी वर्षं?" तिनं विचारलं. लेकाला नाही, चुलीला.

"काकूंच्या स्वयंपाकघरात," रोझेर घाईनं म्हणाला. "फार जपली त्यांनी."

आईनं कोटाचं एक बटण काढलं. मग दुसरं. तेवढ्यात जळक्या पिसाचा वास घरभर पसरला. ती वाकली. चुलीच्या पायामागे एक तांबूस पीस अडकलं होतं ते तिनं सोडवलं, बोटांत फिरवून बघितलं आणि खिशात ठेवलं.

बाहेर अंधारून आलं होतं. समोर काकूंच्या स्वयंपाकघरात दिवा लागला. खिडकीत, काचेला चोच टेकून, एक तांबडी कोंबडी बसली होती आणि थेट इकडे बघत होती.

रोझेर पडदा ओढायला उठला.

"राहू दे उघडा," आई म्हणाली. "तिची चूल आहे, बघू दे तिला."