दशमांशाचं गिऱ्हाईक

दुकानासमोरच्या फुटपाथवर थोरला भाऊ उभा दिसला आणि बाइंडरला उत्तर न दिलेलं ते पत्र आठवलं. त्यात एकच ओळ होती: ‘एकदा येऊन जाऊ का?’ वाटणीच्या वेळी वडिलांचं कटिंग मशीन ज्याने परस्पर विकून टाकलं, त्याची ही एवढीशी ओळ. बाइंडरने ती पुन्हा पुन्हा वाचली होती. तिच्यामागे काहीतरी असणारच. शेवटी पत्र खळीच्या डब्याखाली गेलं आणि तिथेच चिकटून बसलं.

“भावजी कधीचे उभे आहेत,” बायको काचेतून बघत म्हणाली. “मघाशी दोघांना पुढे सोडलं त्यांनी. ते, आणि दुसऱ्याला पुढे सोडणार?”

बाइंडरने समोरच्या गिऱ्हाइकाची वही ठेवून घेतली आणि दाराच्या चौकटीवर खडूची नववी रेघ ओढली. रेघ ओढतानाच त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. बाइंडर दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, देवाला द्यायचा, पण पैशांत नाही, कामात. बायबलात सांगितलंय, कळप मेंढपाळाच्या काठीखालून जाऊ द्यावा आणि दहावं येईल ते देवाचं. लंगडं आहे की धष्टपुष्ट, ते बघायचं नाही, बदलायचंही नाही. म्हणून दुकानात येणारं दहावं काम देवाचं. त्याचे पैसे घ्यायचे नाहीत, आणि ते आणणारा कोणीही असो, त्याला नाही म्हणायचं नाही. काचेतून रेघा मोजत ताटकळणारे फुकटे त्याला नवीन नव्हते. सख्खा भाऊ तेवढा त्यांत बघायचा राहिला होता.

गिऱ्हाईक बाहेर पडलं. भाऊ आत आला. त्याने टेबलावर एक जाडजूड पुस्तक ठेवलं.

“बांधून हवंय.”

वडिलांचा शब्दकोश होता. पुठ्ठा पार उचकटलेला. बाइंडरने फाटलेल्या कडेवरून बोट फिरवलं. पानं हळदीसारखी पिवळी पडली होती आणि कड मात्र पांढरी होती. जुनी फाट मळते. ही कालपरवाची होती, आणि वापरून झालेली नव्हती.

“हे फाडलेलं आहे,” बाइंडर खाली बघतच म्हणाला. कोणाच्या डोळ्यांत बघून बोलणं त्याला कधीच जमलं नव्हतं.

“हो. मीच फाडलं.”

“फुकटात बांधून घ्यायला धडधाकट पुस्तक फाडलंत?” बायकोने कपाळाला हात लावला. “धन्य आहे तुमची, भावजी.”

भावाने खिशातून नोटा काढून टेबलावर ठेवल्या. उडू नयेत म्हणून वर कात्री ठेवली.

“फुकट कोण मागतंय?”

“मग दहावं व्हायचा एवढा खटाटोप कशाला?” बाइंडरने विचारलं.

“पत्र टाकलं, त्याला तुझं उत्तर नाही. नुसता आलो असतो तर दारातूनच घालवलं असतंस. तुझं काही चुकलंही नसतं त्यात.” तो चौकटीवरच्या रेघांकडे बघत होता. “दहाव्याला तुला घालवता येत नाही. मग तो लंगडा का असेना.”

बाइंडरने शब्दकोश उगाच उलटा केला, सुलटा केला. बोलायचं बरंच होतं. तोंडातून मात्र रोजचंच वाक्य निघालं.

“झालं की कळवतो.”

“तू आणि कळवणार,” भाऊ हसला आणि पायरी उतरून गेला.

बाइंडरने ओल्या फडक्याने चौकटीवरच्या रेघा पुसल्या. खळीच्या डब्याखालचं पत्र सुरीने अलगद सोडवलं आणि त्यावरचा पत्ता बघून एक कार्ड लिहायला घेतलं. दोन कार्डं वाया गेली. तिसऱ्यावर त्याने लिहिलं:

‘दादा, दहाव्याचे पैसे मी घेत नाही. न्यायला ये. वहिनींना घेऊन ये.’

कोपऱ्यावरच्या पेटीत कार्ड पडलं, तेव्हा शब्दकोशाला अजून सुईही लागली नव्हती.