निळा पाया

रजबने निळ्या काचेच्या पायाच्या काठावरून बोट फिरवलं आणि बायकोला म्हणाला, "तुझ्या लेकाला सांग, तोंड गोल नाही. लेथवर गोलच निघतं."

जुबैर दारातच उभा होता. खलील शहराच्या बाजारातलं बापाचं लाकूड कातायचं काम सोडून तो काचेच्या भट्टीवर गेला, त्याला दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून बापलेक वस्फियाच्या मार्फतच बोलत. या छोट्या टेबलाचा घाट तिनेच घातला होता. खाली मुलाची काच, वर बापाने कातलेली अक्रोडाची चकती. चकती काचेवर नीट बसली नाही, तर दोघांना पुन्हा एकत्र आणणं तिला जमणार नव्हतं.

"त्यांना सांग, फुंकर गोल नसते," जुबैर म्हणाला. "अकरा फुटले, तेव्हा हा उतरला."

"मी काय तुमचा टेलिफोन आहे?" वस्फिया म्हणाली.

रजबने काच उजेडात धरून काठ पुन्हा पाहिला. मग त्याने दिवा लावला, ज्योतीवर पत्रा धरून काजळी जमवली आणि तेलात कालवून काचेच्या काठाला लावली. चकतीच्या खालच्या बाजूला कोरलेली गोल खाच त्यावर दाबली, उचलली. लाकडावर जिथे काळं उमटलं, तिथे सुरीने खरवडलं. पुन्हा दाबली. चाळीस वर्षांत त्याच्या हातून गोल नाही असं काही गेलं नव्हतं. आता तो मुलाच्या काचेचा वाकडेपणा लाकडात उतरवत होता.

दाबलं की काच बारीक कुरकुरायची. वस्फियाच्या ओठांवरची प्रार्थना तिथेच थांबायची. जुबैर दारातून आत कधी आला, तिला कळलं नाही. त्याने दोन्ही तळव्यांनी पाया धरला होता.

दुपारच्या नमाजाची बांग होऊन गेली. खाचेत काळी रेघ अखेर सलग उमटली. रजबने ती पुसली आणि चकती काचेवर ठेवून हळूहळू फिरवली. एका जागी ती आवाज न करता खाली उतरली.

"वस्फिया, बस याच्यावर."

"आधी मांजर बसवा, जुबैरचे बाबा. माझं वजन तुम्हाला ठाऊक आहे."

रजब हसला नाही. त्याने मान वळवून थेट मुलाकडे पाहिलं.

"धरेल ना रे?"

जुबैरने पायावरचे हात काढले.

"धरेल, बाबा."

वस्फिया बसली. मग तिने हळूच दोन्ही पाय जमिनीवरून उचलले.