आजोळ कुठलं?

ग्रुप बंद करायची चिठ्ठी उमरनं लिहून ठेवली होती. आता फक्त बटण दाबायचं बाकी होतं, आणि तेवढंच त्याच्यानं होत नव्हतं.

जुन्नरच्या एसटी स्टँडाजवळ त्याचं सायबर कॅफे. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवरून तो इंटरनेटवर हा ग्रुप चालवायचा. विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्यांचा ग्रुप. कुणाची मोटार अडली की त्यानं विचारायचं, जाणकारांनी सांगायचं. पोटच्या पोरासारखा वाढवला होता बिचाऱ्यानं. पण जाणकार कसले, दोन मोकाट वळूच ते. एक स्वतःला थ्रीफेज म्हणवायचा, दुसरा पाणबुडी. खरी नावं कुणालाच ठाऊक नाहीत. दोघांचंही ज्ञान दांडगं, आणि तोंड त्याहून दांडगं.

आज तर कहरच झाला. जानकू नावाच्या एकानं बिचकत बिचकत विचारलं होतं की मोटार नुसती गुणगुणते, फिरत नाही, वांगी वाळत चाललीत, काय करू? थ्रीफेजनं लिहिलं, ज्याला फेज कळत नाही त्यानं मोटारीला हात लावू नये, म्हशी वळाव्यात. त्यावर पाणबुडीनं थ्रीफेजला गाढव म्हटलं. मग दोघांनी एकमेकांची अक्कल काढली, आणि जानकूची मोटार राहिली बाजूलाच. शेवटी त्यानं एवढंच लिहिलं, "चुकलं माझं. माझं नाव काढून टाका."

ते वाचून उमरला भडभडून आलं. विचारणाऱ्यालाच लाज वाटायला लागली, तर असला ग्रुप नसलेलाच बरा.

तेवढ्यात त्याची आई, बिबिजान, जेवणाचा डबा घेऊन आली. पोराचं उतरलेलं तोंड तिनं लांबूनच ओळखलं. उमरनं तिला सगळं वाचून दाखवलं. बिबिजानला अक्षरओळख नव्हती, पण भांडणाची ओळख चांगली होती. सगळं ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, ही माणसं कुठली? उमर म्हणाला, ठाऊक नाही.

"मग भांडणारच की," बिबिजान म्हणाली. "पावणं दारात आलं की आधी गाव इचारायचं, मग आजोळ इचारायचं. वळख निघाली म्हंजी जीभ आपसूक आवरती. तू तर नावबी न इचारता समद्यांना बोलाया बसवलंस."

उमरला आधी हसू आलं, मग ते विरलं. त्यानं चिठ्ठी पुसली आणि नवी लिहिली. आजपासून प्रत्येकानं आधी आपलं खरं नाव, गाव आणि आजोळ सांगायचं, त्याशिवाय कुणाचंच लिहिणं पुढं जाणार नाही. जानकूला वेगळी विनंती केली की बाबा, जायचं तर जा, पण जाता जाता एवढं सांगून जा.

जानकू अजून कुठल्या तरी कॅफेत बसलेलाच असावा. लगेच उत्तर आलं. गाव मढ, आजोळ पिंपरी पेंढार, गेणभाऊंचा नातू.

बिबिजाननं डबा उघडला, उमरनं अर्धी भाकरी संपवली, तेव्हा कुठं पडद्यावर थ्रीफेजचं उत्तर उमटलं.

"मी सावळेराम, पिंपरी पेंढारचा. गेणभाऊंच्या घराला आमचं घर लागूनच हाय. तुझी आई मला राखी बांधायची. भाच्या, म्हशीचं बोललो ते मनावर घिऊ नको. तीन फेजातला एक गेला असंल. आता स्टार्टर दाबू नको, मोटार जळंल. वायरमनला बोलीव आन् आधी खांबावरल्या डीपीतला फ्यूज बघाया लाव."

उमरला इतकं बरं वाटलं की हातातला घास हातातच राहिला.

पाणबुडी मागं राहतोय होय? तो निघाला शिनोलीचा रखमाजी. त्यानं लिहिलं, सावळेरामभाऊंचं खरं, पण विहिरीत गाळ असला तर पंपही अडकतो, तेवढं बघा. सावळेरामनं कळवलं, रखमाजीराव, गाळाचा इथं काही संबंध नाही. रखमाजी म्हणाला, लागली पैज. पुन्हा जुंपलीच दोघांची, पण आता भाऊ आणि राव लावून. त्यातच जानकूनं लिहिलं की जाऊन बघतो, आणि माझं नाव राहू द्या.

मग रखमाजीनं उमरलाच धरलं. "मालक, समद्यांचं इचारता. तुमचं आजोळ कुठलं?"

उमरनं घोडेगाव लिहिलं.

"म्हंजी आमच्या वाटंवरचंच की. कुणाच्या घरातली लेक?"

उमरनं ते आईला वाचून दाखवलं. बिबिजाननं रखमाजी समोर उभा असल्यासारखा डोक्यावरचा पदर सारखा केला आणि खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"लिही," ती म्हणाली, "बांगडीवाल्या अजीजभाईंची. आन् त्या दोघांनाबी म्हणावं, माहेरवाशीण ऐकतीया. जरा जपून भांडा."