शेजारच्या सीटचा ब्रेक

जुन्या गाडीत डाव्या सीटपुढची चटई एकाच जागी, उजव्या चवड्याखाली, झिजली होती. तिथे ब्रेक नव्हता, तरी सुनंदाताई तीन वर्षं तो दाबत होत्या. गाडी चालवणाऱ्या नवऱ्याला, मधुकररावांना, समोरची माणसं उशिरा दिसू लागली होती, पण हे त्यांना सांगायचं कसं?

आज दोघं दोन नव्या गाड्या चालवून बघत होते. पहिलीत पाय ऐसपैस पसरता येत होते, दुसरीच्या सीट मऊ होत्या. दोन्ही गाड्या बसणाऱ्यांची नाडी आणि पायांचा दाब मोजत, आणि फेरी संपली की पडद्यावर आकडे दाखवत.

जाताना मधुकरराव चालवत होते, तेव्हा डाव्या प्रवाशाने दाबलेले ब्रेक पहिलीत सव्वीस होते, दुसरीत चोवीस. परतताना दोन्ही गाड्या स्वतःच चालल्या, तेव्हा शून्य.

"सव्वीस? अगं, तिथे खरा ब्रेक असता तर आपण कोपऱ्यापर्यंतही पोचलो नसतो."

"अहो, पाय आपोआप जातो."

मधुकररावांनी स्वतःच्या सीटचा आकडा बघितला. जाताना एकशे बारा असलेली नाडी परतीला बहात्तर झाली होती. "म्हणजे घाबरत आपण दोघंही होतो," ते हसले. मग खिशातली जुन्या गाडीची किल्ली त्यांनी सुनंदाताईंच्या हातावर ठेवली.

"यापुढे मी गाडी चालवणार नाही."