समजायला लागलंय

नेत्राने जपानीच्या क्लासमधून नाव काढून टाकायला सांगितलं, तेव्हा शिकवणाऱ्या मोरी सेन्सेई गोंधळल्याच. जपानला आल्यापासून लेक आर्या घरीही जपानीच बोलते, तिचं बोलणं कळावं म्हणून तर हिने हट्टाने नाव घातलं होतं.

"अवघड जातंय का?" त्यांनी सावकाश विचारलं.

"नाही. आता समजायला लागलंय."

"अरे वा! मग सोडता कशाला?"

नेत्राने वही पिशवीत घातली.

काल शाळेतून परतताना आर्याच्या मैत्रिणीने नेत्राकडे बघत जपानीत विचारलं होतं, "ही तुझी आई?"

"छे, शेजारच्या काकू," आर्या पटकन म्हणाली.

मैत्रिणीचं घर येईपर्यंत नेत्रा शेजारच्या काकूंसारखीच जरा मागून चालत राहिली.